व्हाळ हिरवा झाला, तो माझ्या केळींमुळे का?

पत्र:

सप्रेम नमस्कार. आमचे कुळागर गोव्यात सत्तरी तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याशी आहे. पोफळी, थोडे माड, मिरीचे वेल. सासरे गेले त्याला सहा वर्षे झाली, तेव्हापासून सगळे मीच बघते. यजमान पणजीत नोकरीला आहेत, शनिवारी-रविवारी घरी येतात. तीन वर्षांपूर्वी व्हाळाकडे (ओढ्याकडे) उतरणाऱ्या जमिनीत साडेतीनशे केळी लावल्या. ऊन मिळावे म्हणून काठची बांबूची बेटे आणि केवड्याचे बन काढले. केळींना जूनमध्ये युरियाच्या चार गोणी घालते, शिवाय मिश्र खत आणि शेण. पोफळींवर पावसाळ्यात दोन वेळा रोगासाठी बोर्डो मिश्रण मारून घेते. गोठ्यात चार गुरे आहेत. उन्हाळ्यात व्हाळाला मोटर लावते. गेली दोन वर्षे डिसेंबर लागला की खालच्या कोंडीत (डोहात) हिरव्या तंतूंचे शेवाळ माजते आणि पाण्याला वास येतो. खालच्या वाड्यावरचे भाऊ परवा दारात येऊन म्हणाले, "सुनबाई, तुझ्या सासऱ्याच्या वेळेला या कोंडीत आमची पोरे कुर्ल्या धरायची. आता पाय घालवत नाही. तुमच्या केळींनी व्हाळ मारला." यजमान म्हणतात, एवढ्याशा केळींनी कुठे व्हाळ मरतो, दुसरेच काही असेल. सासूबाई म्हणतात, कुणाच्या तोंडी लागू नको. मला मात्र रात्री झोप येत नाही. खरेच माझी चूक आहे का? असेल तर केळी काढून टाकू का? घर त्यावरच चालते.

— एक वाचक, सत्तरी

ताई,

झोप हरवलेल्या माणसाला प्रस्तावना ऐकवू नये, म्हणून उत्तर आधी देते. होय, व्हाळ हिरवा होण्यात तुमच्या कुळागराचा वाटा आहे, आणि तो लहान नसावा. पण केळी काढायची गरज नाही.

तुमचे पत्र वाचताना माझे बोट ज्या ओळीवर थांबले ती युरियाची नव्हती, बोर्डोचीही नव्हती. काठचा बांबू आणि केवडा काढला, ती ओळ. बाकीच्या चुका जवळजवळ प्रत्येक शेतात होतात. तुमच्या शेतातल्या चुका व्हाळापर्यंत पोचल्या, कारण मध्ये अडवायला कोणी उरले नव्हते.

भाऊंचा आरोप केळींवर आहे, तेव्हा आधी केळींच्या खताचा हिशोब करू. युरियाच्या एका गोणीत 45 किलो, त्यात 46 टक्के नत्र (नायट्रोजन). चार गोणींचे नत्र होते 83 किलोंच्या आसपास. साडेतीनशे केळींत वाटले तर झाडामागे साधारण 235 ग्रॅम. महाराष्ट्रात केळीला झाडामागे 200 ग्रॅम नत्राची शिफारस प्रचलित आहे. म्हणजे तुमचे माप थोडे वर गेले आहे, पण तुम्ही हात सैल सोडून खत ओतलेले नाही. चुकली आहे ती वेळ. युरिया पाण्यात साखरेसारखा विरघळतो. मातीत काही दिवसांतच त्याचा अमोनियम होतो आणि पुढे जिवाणू त्याचे नायट्रेट करतात. अमोनियमला मातीचे कण काही काळ धरून ठेवतात, नायट्रेटला धरत नाहीत. पाणी जिकडे जाईल तिकडे ते निघते. गोव्यात वर्षाला सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, सत्तरीच्या डोंगरांत त्याहून जास्त, आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. अशा पावसाच्या तोंडावर उतारावर चार गोणी एकदम घालणे म्हणजे केळीपुढे ताट वाढायचे आणि तिने पहिला घास घेण्याआधीच ते उचलून न्यायचे. तुमचे पैसे वाहून गेले, ते वेगळेच.

यजमान इथे विचारतील, खत जूनमध्ये वाहिले तर शेवाळ डिसेंबरात का? प्रश्न योग्य आहे. खताचा एक भाग पुराबरोबर खरोखरच म्हादई नदीतून समुद्राला गेला. दुसरा भाग जमिनीत मुरला. आपला जांभा सच्छिद्र, तो पावसाचे पाणी पोटात साठवतो आणि दिवाळीनंतर झरीतून हळूहळू सोडतो. व्हाळ हिवाळ्यात वाहतो तो याच साठ्यावर, आणि विरघळलेले नायट्रेट त्याच पाण्याबरोबर येते. मिश्र खतातल्या आणि शेणातल्या स्फुरदाची (फॉस्फरसची) चाल निराळी असते. आपल्या तांबड्या मातीत लोह भरपूर, ते स्फुरदाला घट्ट पकडते. त्यामुळे स्फुरद पाण्यात विरघळून फारसे जात नाही, मातीला चिकटून जाते. केळीच्या बागेतून पावसात जे तांबडे पाणी व्हाळात उतरते, त्या गढूळपणातच तुमचे स्फुरद असते. पाण्याची ओढ कमी झाली की तो गाळ कोंडीच्या तळाला बसतो. पावसाळ्यात पाणी गढूळ आणि वेगाचे, आभाळ झाकलेले, त्यामुळे शेवाळाला पाय टेकता येत नाही. डिसेंबरात पाणी नितळ होते, मंद होते, तळाशी गाळातले अन्न तयार असते आणि वरून ऊन पडते. हे ऊन पूर्वी बांबू अडवत होता.

शेवाळाने पाणी हिरवे दिसते एवढेच नुकसान असते तर मी एवढे लिहिले नसते. दिवसा उन्हात शेवाळ प्राणवायू सोडते, पण रात्री तेही श्वास घेते, आणि खाली कुजणाऱ्या शेवाळावर जिवाणू तुटून पडतात, तेही पाण्यातला प्राणवायूच वापरतात. पहाटेपर्यंत कोंडीतला प्राणवायू पार खाली जातो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांप्रमाणे मासे आणि वन्यजीव जगण्यासाठी पाण्यात लिटरमागे निदान 4 मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू हवा. दुपारी मोजला तर तुमच्या कोंडीत तो भरपूर मिळेल आणि पहाटे नसेल. म्हणून कोंड बघायची असेल तर उजाडण्याआधी जा. लहान मासे पृष्ठभागाला येऊन तोंडे उघडमीट करताना दिसले तर त्यांना श्वास पुरत नाही असे समजा.

आता "दुसरेच काही असेल" याविषयी. यजमानांच्या या वाक्याला रागाने उत्तर देऊ नका, तपासून उत्तर द्या. तुमच्या कुळागराच्या वर, जिथे तुमची हद्द सुरूही झालेली नाही, तिथे व्हाळात उतरा. पाण्याची ओढ आहे अशा जागी मुठीएवढे दहा दगड एकेक करून उचला आणि त्यांची खालची बाजू बघा. तिथे बारीक, चपटे, शेपटीला दोन-तीन दोरे असलेले किडे सरपटतात का? वाळूचे कण चिकटवून केलेली काडीएवढी घरटी दगडाला लागलेली आहेत का? चतुराची पिल्ले, लहान कुर्ल्या, शिंपल्या दिसतात का? मग तुमच्या हद्दीच्या खाली, तशाच ओढीच्या जागी, तेवढेच दहा दगड उलटा. शेपटीला दोरे असलेले किडे आणि वाळूची घरटी करणारे किडे घाण सहन करत नाहीत, ते आधी नाहीसे होतात. त्यांच्या जागी गाळात लाल दोऱ्यासारख्या अळ्या वळवळत असतील तर तिथे प्राणवायू कमी आहे. वर जिवंत आणि खाली ओसाड असे दिसले तर उत्तर मधल्या तुकड्यात आहे, म्हणजे तुमच्याकडे. वरही ओसाडच असेल तर दोष आणखी वरून येतो आहे आणि भाऊंना तेही दाखवता येईल. या तपासाला पैसे लागत नाहीत. वाड्यावरच्या मुलांना बरोबर घ्या, ती तुमच्याआधी किडे शोधतील.

वर काय असू शकते, त्याचाही अंदाज सांगते. डोंगरावर काजूची लागवड असेल तर डिसेंबर ते फेब्रुवारी या मोहोराच्या दिवसांत ढेकण्या या किडीसाठी फवारणी होते. लॅम्डा सायहॅलोथ्रिनसारखी औषधे मासे आणि पाण्यातल्या किड्यांना अगदी अल्प मात्रेतही मारतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत व्हाळाचे पाणी घटलेले असते. मार्चपासून काजूच्या दारूची भाटी चालत असेल तर बोंडांचा चोथा कुठे टाकतात ते बघा. तो गोड चोथा पाण्यात कुजला की शेणापेक्षाही झपाट्याने प्राणवायू खातो. कोणाच्या संडासाची टाकी काठालगत आहे का, तेही बघा.

गोव्यात आपल्याला एक सवय लागून गेली आहे. पाणी बिघडले की आपण खाणीकडे बोट दाखवतो. त्यात खोटे काही नव्हते. डिचोली-सत्तरीच्या व्हाळांतून वाहिलेला खनिजाचा गाळ आपण डोळ्यांनी पाहिला आहे. 2012 मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्यावर 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचे नूतनीकरण रद्द केले. पण ज्या व्हाळाच्या वर खाण नाही, त्याच्यासाठी हे उत्तर वापरता येत नाही. शेतीचे प्रदूषण लाल रंगाने ओरडत येत नाही. तुमच्या-माझ्यासारख्या कष्टाळू माणसांच्या हातून, चांगल्या हेतूने, थोडेथोडे येते. म्हणून ते मान्य करणे जड जाते.

बोर्डोबद्दल मला स्वतःचे सांगायचे आहे. आजोळच्या कुळागरात सुपारी गळवणाऱ्या कोळेरोगासाठी बोर्डोची फवारणी झाली की पिंप आणि पंप धुवायचे काम आम्हा मुलांकडे असायचे. आम्ही ते व्हाळात नेऊन धुवायचो, निळे पाणी लांबपर्यंत जाताना बघायला मजा वाटायची. दुसऱ्या दिवशी खालच्या वळणावर झिंगे पांढरे होऊन पडलेले असायचे. आम्हाला वाटायचे, पुराने मेले. ते आमच्या निळ्या पाण्याने मेले हे मला फार वर्षांनी कळले आणि अजून विसरता येत नाही.

एक टक्का बोर्डो म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, शंभर लिटर पाणी. मोरचुदात पाव हिस्सा तांबे, म्हणजे दर शंभर लिटर फवाऱ्यात 250 ग्रॅम तांबे. तांबे कुजत नाही, उडून जात नाही. ते मातीत साठते आणि पाण्यात गेले की आधी झिंगे, कुर्ल्या आणि शिंपल्यांना मारते. पोफळीला कोळेरोगापासून वाचवायला आज बोर्डो हे खात्रीचे औषध आहे, ते सोडा असे मी म्हणणार नाही. सुपारी गेली तर घर कसे चालणार? पण पिंप व्हाळाजवळ नेऊ नका. धुतलेले पाणी पोफळीच्या आळ्यांतच जिरवा, दरवेळी वेगळ्या. मिश्रण तयार झाले की स्वच्छ लोखंडी कोयत्याचे पाते मिनिटभर त्यात बुडवा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला आहे. असे मिश्रण कोवळ्या घडाला भाजते आणि मोकळे तांबे पाण्यालाही जास्त विषारी. थोडा चुना वाढवा आणि पुन्हा बघा. काठालगतच्या पोफळींवर फवारणीऐवजी पावसाआधी घडांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून घ्या. कष्टाचे काम आहे, मजुरी लागेल, पण काठच्या दोन ओळींपुरते करता येते. रोग लागून गळलेल्या सुपाऱ्या तशाच पडू देऊ नका, गोळा करून लांब नेऊन नष्ट करा. पुढचा रोग त्यातूनच चढतो.

पत्रात तणनाशकाचा उल्लेख नाही. वापरत नसाल तर उत्तमच. वापरत असाल तर काठावर बंद करा. ग्लायफोसेटचा वापर केंद्र सरकारने ऑक्टोबर 2022 मध्ये परवानाधारक कीडनियंत्रकांपुरता मर्यादित केला आहे, आणि त्याच्या बाटलीत औषध पानाला चिकटावे म्हणून जे द्रव्य मिसळलेले असते ते बेडकांच्या पिल्लांना घातक ठरते.

गोठ्याचे थोडक्यात. चार गुरांचे शेण रोज चाळीस-पन्नास किलो सहज होते. खड्डा व्हाळापासून लांब हलवा, वर झावळ्यांचे छप्पर घाला, गोठा धुतलेले पाणी पाटाने पोफळीत सोडा. गुरे व्हाळात उतरून पाणी पितात ती एकच जागा ठरवा, तिथे दगड लावून घ्या, बाकी काठ त्यांना बंद.

मोटरकडे मात्र कोणी प्रदूषण म्हणून बघत नाही, आणि तिथेच मोठी गफलत होते. तुमच्या सासऱ्यांच्या वेळी नोव्हेंबर-डिसेंबरात दगड, माती आणि पाल्याचा बांध घालत असत. पाणी पाटाने कुळागरात फिरायचे आणि उरलेले खाली पुन्हा व्हाळाला मिळायचे. बांधातूनही झिरपत राहायचे. पाट उतारावर जेवढे मिळेल तेवढेच घ्यायचा. मोटर व्हाळ कोरडा होईपर्यंत घेऊ शकते. एप्रिलमध्ये पाणी निम्मे झाले तर पुढे त्यात मिसळणारे तेवढेच नत्र दुप्पट दाट होते, पाणी तापते, आणि तापलेल्या पाण्यात प्राणवायू मुळातच कमी विरघळतो. भाऊंच्या वाड्याला जे पोचते ते पाणी नसते, तुमच्या कोंडीचा उरलेला काढा असतो. मोटर पहाटे ठरावीक वेळ चालवा, फूटव्हॉल्व (पाणी ओढणारे पाइपाचे तोंड) अशा उंचीवर ठेवा की त्याखाली हातभर पाणी नेहमी शिल्लक राहील. जुना पाट बुजला नसेल तर साफ करून घ्या. पाट चालत असेल तिथे विजेचे बिलही वाचेल.

आता काठाचे, जे मला सर्वांत जास्त सांगायचे आहे.

व्हाळाच्या दोन्ही अंगांना, जिथे जमीन तुमची आहे तिथे, निदान पाच मीटर रुंदीचा पट्टा सोडा. उतार तीव्र आहे तिथे दहा मीटर. त्यात खत नाही, फवारणी नाही, नांगर नाही, कुदळ फक्त रोप लावण्यापुरती. तुमच्या बाबतीत याचा अर्थ व्हाळाकडच्या केळींच्या दोन-तीन ओळी जातील. साडेतीनशेपैकी तीस-चाळीस झाडे. नुकसान आहे, मी ते झाकत नाही. पण त्या ओळींची केळी नाहीतरी दर पावसाळ्यात काठ ढासळून पडत असणार. बांबू गेल्यावर काठ धरून ठेवणारे काय उरले?

पाण्याच्या अगदी कडेला वाळा लावा. त्याची मुळे सरळ खोल जातात आणि गाळ अडवतात, विकलाही जातो. ओढीच्या जागी शेरणी, ती पुरात वाकते पण मोडत नाही, आणि पुन्हा केवडा. केवड्याच्या मुळांच्या जाळीत कुर्ल्या राहतात, हे भाऊंच्या मुलांना विचारा. त्याच्या मागे वाळुंज, करंज, उंबर, जांभूळ, ज्यांची सावली कोंडीवर पडेल अशा बेताने, म्हणजे पश्चिमेकडच्या काठाला दाट. पट्ट्याच्या वरच्या अंगाला भिरंड (कोकम) आणि जायफळ. दोघांनाही सावली आणि ओलावा आवडतो, आणि काही वर्षांनी सोले आणि जायपत्री त्या गेलेल्या चाळीस केळींची भरपाई करू लागतील. थोडा बांबूही परत येऊ द्या. मोठी झाडे यायला वेळ लागेल, पण गवत आणि वाळा पहिल्याच पावसाळ्यात गाळ धरायला लागतात.

जमल्यास एकदा बांबर गावची निरंकाराची राई बघून या. तुमच्या तालुक्यातच आहे. जायफळाच्या कुळातली रानझाडे दलदलीत मुळे वर काढून उभी आहेत, देवाच्या नावाने राखलेली, आणि त्यांच्या पायातून वाहणारे पाणी बघून तुम्हाला समजेल की काठ म्हणजे मी काय म्हणते आहे. आपल्या पूर्वजांनी प्रत्येक झरीवर देवाचा किंवा राखणदाराचा हक्क सांगितला होता. त्या हक्कात कुऱ्हाड चालत नव्हती.

पट्ट्याच्या वर केळींच्या रांगा उताराला आडव्या असाव्यात. आता त्या सरळ खाली उतरत असतील तर झाडे हलवू नका, मे महिन्यात दर चार-पाच रांगांनंतर समतल चर खणून घ्या. दोन झाडांमधली जमीन कधीच उघडी ठेवू नका. पोफळीच्या झावळ्या, केळीची सुकी पाने, पालापाचोळा, जे मिळेल ते पसरा. पावसाचा थेंब थेट मातीवर पडला नाही की माती उसळत नाही, आणि माती गेली नाही की स्फुरदही जात नाही. युरिया निदान चार हप्त्यांत द्या, पाऊस उघडीप देतो तेव्हा, बुंध्यापासून हातभर अंतरावर मातीत मिसळून. मोठा हप्ता सप्टेंबरनंतरच. पोफळीला तर सगळे मिळून वर्षाला झाडामागे 100 ग्रॅम नत्राचीच शिफारस आहे, तेव्हा केळीच्या हाताने पोफळीला खत घालू नका. त्याआधी मातीची तपासणी करून घ्या. वाळपईच्या विभागीय कृषी कार्यालयात नमुना कसा द्यायचा ते सांगतील. जुन्या गोव्याजवळ एला इथे केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था आहे, कुळागर या विषयावर तिथे जाणकार माणसे आहेत, त्यांना चर आणि लागवड दाखवायला बोलवा. कदाचित मिश्र खताची तुम्हाला गरजच नसेल.

खालच्या वाड्यावर कोणी झरीचे किंवा काठच्या विहिरीचे पाणी पीत असेल तर ते एकदा तपासून घ्या, पंचायतीत चौकशी करा. पिण्याच्या पाण्यात नायट्रेटची मर्यादा लिटरला 45 मिलिग्रॅम आहे आणि त्याहून जास्त असले तर तान्ह्या बाळाला बाटलीतून ते पाणी देणे धोक्याचे. उकळून नायट्रेट जात नाही, उलट दाट होते. शेणाचा संसर्ग मात्र उकळल्याने मरतो. हे काम लांबणीवर टाकू नका.

राहिले भाऊ. ते दारात आले, पंचायतीत अर्ज घेऊन गेले नाहीत, याची किंमत ठेवा. सासूबाईंचा सल्ला भांडणापुरता खरा आहे. पण इथे भांडण झालेले नाही, एका म्हाताऱ्या माणसाला त्याची कोंड परत हवी आहे. "सगळा दोष माझा" असे म्हणू नका, ते खरे नाही आणि उद्या तेच वाक्य तुमच्याविरुद्ध फिरेल. "माझ्याकडून काय काय जाते ते मी बघितले" असे म्हणा, आणि दगडांखाली काय दिसले ते सांगा. सोडलेला पट्टा दाखवा. मग मोटरची वेळ त्यांच्याशी बोलून ठरवा, कारण खाली पाणी कधी लागते ते त्यांनाच ठाऊक. वर काजूवाले असतील तर त्यांच्याकडे एकट्या जाऊ नका, भाऊंना घेऊन जा. पंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्यापुढे हा व्हाळ ठेवता येईल, पण तो दुसरा टप्पा.

म्हादईच्या पाण्यासाठी आपण कर्नाटकाशी लवादात भांडलो. 2010 मध्ये लवाद नेमला गेला, 2018 च्या ऑगस्टमध्ये निवाडा आला, तरी तंटा संपलेला नाही, आणि त्या लढ्याला माझा मनापासून पाठिंबा आहे. पण म्हादई म्हणजे तरी काय, असेच शेकडो व्हाळ एकत्र आलेले. त्यातला एक तुमच्या केळींखालून जातो आणि त्याच्यासाठी लवाद लागत नाही.

एक इशारा देऊन ठेवते. कोंडीच्या तळाचा गाळ लगेच संपणार नाही. त्यात बसलेले स्फुरद एक-दोन पावसाळे शेवाळाला पुरेल, आणि झरीतले नायट्रेटही हळूहळूच उतरते. त्यामुळे येत्या डिसेंबरात कोंड पुन्हा हिरवी झाली तर खचून जाऊ नका आणि कोणी "बघा, काही झाले नाही" म्हणाले तर गप्प राहा. शेवाळाआधी दगड बघा. वाळूची घरटी करणारे किडे तुमच्या हद्दीच्या खाली दिसू लागले की पाणी सुधारते आहे. कुर्ल्या त्यानंतर येतील. ही नोंद तारखेसह वहीत ठेवा.

भाऊंकडे रविवारी जा, यजमान घरी असतील तेव्हा, दोघांनी मिळून. आणि त्याआधी, त्याच पहाटे, यजमानांना कोंडीवर घेऊन जा.